आमेन म्हणजे पक्कं: लहानग्यांना विश्वास शिकवताना

प्रश्न: आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) ४ ते ७ वर्षांच्या मुलांचा वर्ग नुकताच माझ्याकडे आला आहे. पुढचे चार रविवार ‘विश्वासाने देवामागे चालणे’ हा पाठ आहे, म्हणजे बायबलमधल्या अब्राहामाची गोष्ट. मुलं सुवर्णवचन (पाठ करायला दिलेलं बायबलचं वचन) घडाघडा म्हणतात, पण विश्वास म्हणजे काय असं विचारलं की गप्प. एकाने विचारलं, “देव दिसतच नाही, मग त्याच्या मागे कसं चालायचं?” आणि एका मुलीची आजी मागच्या महिन्यात वारली. ती म्हणते, “मी रोज प्रार्थना केली होती, तरी.” मी काय सांगू?

उत्तर: ताई, त्या मुलीच्या प्रश्नाकडे मी शेवटी येते. एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं असं उत्तर त्याला नाही, आणि जे आहे ते आधीच्या रविवारी तुम्ही अब्राहाम कसा सांगितलात यावर उभं राहणार आहे.

मी नगर जिल्ह्यातली. आठवडाभर बालवाडी आणि रविवारी शब्बाथ शाळा (आमच्याकडची जुनी माणसं संडे स्कूलला अजून हेच म्हणतात), असं करत या वयाच्या मुलांबरोबर माझी ३१ वर्षं गेली. ‘विश्वास’ म्हटल्यावर मुलं गप्प बसतात, हे मी पहिल्या वर्षापासून बघते आहे. शब्द मोठ्यांचा आहे. तो समजावून सांगायला बऱ्याच ठिकाणी खुर्चीचं उदाहरण देतात, की खुर्चीवर बसताना ती मोडणार नाही असं आपल्याला वाटतं तसा विश्वास. मला ते कधीच पटलं नाही. मूल त्यातली फक्त खुर्ची लक्षात ठेवतं. शिवाय खुर्ची आपल्याला हाक मारत नाही, खुर्चीचं आपल्यावर प्रेम नसतं. अब्राहामाच्या गोष्टीत सगळ्यात आधी हाक आहे.

मुलांकडे स्वतःचा एक शब्द आहे, तो घ्या. “बाई, उद्या पेरू आणाल?” “आणीन.” “पक्कं?” हे ‘पक्कं’ म्हणताना मूल तुमच्या तोंडाकडे कसं बघतं ते एकदा नीट पाहा. विश्वासाचा सगळा पाठ त्या बघण्यात आहे. माझ्या वर्गात मी पहिल्याच रविवारी सांगते की प्रार्थनेच्या शेवटी आपण आमेन म्हणतो, त्याचा अर्थ ‘पक्कं’. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आमेन ज्या हिब्रू धातूवरून आला, त्याचा अर्थ घट्ट असणं, भरवशाचं असणं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १५:६ मध्ये, अब्रामाने (हे अब्राहामाचं आधीचं नाव) परमेश्वरावर विश्वास ठेवला असं म्हटलंय, तिथलं क्रियापदही त्याच धातूचं. आणि लेकरू सांभाळणाऱ्यासाठीचा शब्दसुद्धा त्यातूनच निघतो. गणना ११:१२ मध्ये मोशे तान्ह्या बाळाला उराशी धरून नेणाऱ्याविषयी बोलतो तिथे, आणि रूथच्या पुस्तकाच्या शेवटी नामी बाळाला कुशीत घेऊन त्याची दाई होते तिथे. हे हिब्रू मुलांना सांगायची गरज नाही, पण तुमच्या मनात असू द्या. विश्वास म्हणजे डोळे मिटून उडी मारणं असं तुमच्या डोक्यात असलं तर मुलांपर्यंत भीती पोचते. कडेवर बसलेलं मूल डोक्यात असलं तर आवाजच बदलतो.

आता एक कडक गोष्ट सांगते. तुम्ही अब्राहाम कितीही सुंदर सांगितलात आणि मुलांना दिलेला शब्द मोडलात, तर मूल तुमचा मोडलेला शब्दच शिकेल. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांवर एक प्रयोग झाला होता, २०१३ साली तो छापून आला. मोठ्या माणसाने मुलाला सांगितलं, थांब, मी तुझ्यासाठी याहून चांगले रंग आणते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. उरलेल्यांना रिकाम्या हाताने परत येऊन सांगितलं, अगं, नाहीतच माझ्याकडे. स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तेच. मग प्रत्येकासमोर एक गोड मिठाई ठेवली आणि सांगितलं, मी येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्याशी शब्द मोडला होता ती सुमारे ३ मिनिटं. यातली कुठलीच मुलं हावरट नव्हती. शब्दावर थांबून राहण्यात अर्थ आहे की नाही, हे ती पाच-दहा मिनिटांत शिकली होती. आणि आपण मुलांना अशा देवाविषयी सांगणार, ज्याच्या शब्दासाठी अब्राहाम पंचवीस वर्षं थांबला! म्हणून “पुढच्या रविवारी रंगवायला देते” म्हणालात तर वहीत लिहून ठेवा. जमलं नाही तर आल्या आल्या सगळ्यांदेखत माफी मागा. मी एकदा शिंपले आणते म्हणाले आणि विसरले. गोष्ट सुरू झाल्यावर एक मुलगा सगळ्यात मागे जाऊन बसला. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं तेव्हा म्हणाला, “तुम्ही पक्कं म्हणाला होतात.” त्या रविवारी मी पाठ बाजूला ठेवला.

गोष्ट सांगताना अब्राहामाला मुलांच्या ओळखीच्या रस्त्यावर आणा. आमच्याकडे दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे रस्त्याने जाताना दिसतात. पुढे मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी, कधी मधोमध बसवलेलं लहानगं पोर. मी मुलांना विचारते, वाडा बघितलाय का? अर्ध्या वर्गाने बघितलेला असतो. मग सांगते, अब्राम असाच निघाला. बायको साराय, पुतण्या लोट, गडीमाणसं, मेंढरं, तंबू. फरक एकच. आपल्या मेंढपाळाला वाट ठाऊक असते, कुठल्या गावच्या कुठल्या रानात बसायचं ते त्याचं ठरलेलं असतं. अब्रामाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. देव म्हणाला, मी दाखवीन त्या देशात जा. गावाचं नाव सांगितलं नाही. तेव्हा अब्राम ७५ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या आजोबांपेक्षाही मोठा असेल! तो जिथून निघाला ते हारान आज तुर्कस्तानाच्या दक्षिण भागात आहे आणि तो जिथे पोचला ते शखेम म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाब्लुसच्या लगतची जागा. सरळ रेषेत मोजलं तरी सहाशे किलोमीटरच्या वर. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे, तेवढी वाट मेंढरांच्या चालीने चालायची म्हणा, की मुलं “बाप रे” म्हणतात.

शहरातल्या मुलांनी वाडा पाहिलेला नसेल, तर परात आणा. मोठी, कडेची परात आणि त्यात चाळून घेतलेली वाळू. सोफिया कवाल्लेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी १९५४ साली रोममध्ये मॉन्टेसरीच्या धर्तीवर लहान मुलांसाठी असं काम सुरू केलं, आणि ३ ते ६ वर्षांची मुलं लाकडी मेंढपाळ आणि मेंढरं हाताने हलवत किती खोल जातात ते दाखवलं. पुढे अनेकांनी वाळूचं वाळवंटही त्यात आणलं. महागड्या साहित्याची गरज नाही. माझा अब्राम म्हणजे दोऱ्याच्या रिळावर कापड गुंडाळलेला. त्याला वाळूतून सावकाश सरकवायचा, आणि मधे बोलायचं नाही. पावलांची रेघ मागे उमटते, पुढची वाळू कोरी असते. शखेमला पोचला की दोन खडे रचून वेदी करायची, बेथेलजवळ पुन्हा करायची. गोष्ट संपली की “यातून काय शिकलात?” असं विचारू नका. विचारा, “अब्राम रात्री तंबूत पडल्यावर काय म्हणत असेल?” एकदा एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, “देवा, घर किती लांब आहे?” याहून चांगली प्रार्थना मी मोठ्यांच्या सभेतही फार ऐकली नाही.

“देव दिसत नाही, मग मागे कसं चालायचं?” या प्रश्नाला पहिलं उत्तर खरं द्या. “मलाही दिसत नाही.” शिक्षिकेला देव दिसतो आणि आपल्याला नाही असं वाटलं, तर मूल स्वतःत खोट शोधू लागतं. मग कंदील दाखवा किंवा खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च जमिनीकडे धरा. स्तोत्र ११९ मध्ये देवाच्या वचनाला पावलांसाठी दिवा म्हटलंय. कंदिलाने सगळा रस्ता दिसत नाही, दोन पावलं दिसतात. दोन पावलं टाकली की पुढची दोन. मग त्या पावलाला नाव द्या, नाहीतर तीही नुसती कल्पनाच राहते. यासाठी उत्पत्तीचा १३ वा अध्याय फार चांगला आहे आणि तो हमखास गाळला जातो. मेंढरं वाढली, गुराख्यांची भांडणं होऊ लागली. अब्राम काका, वयाने मोठा, त्याने आधी निवडायला हवं. पण तो लोटाला म्हणाला, तू आधी निवड. लोटाने भरपूर पाण्याचा भाग घेतला. मी त्या दिवशी पेरू कापून नेते, फोडी मुद्दाम लहानमोठ्या. ताट पहिल्याच्या हातात जातं आणि तो दुसऱ्याला म्हणतो, “तू आधी घे.” काही मुलांना हे फार जड जातं. चेहरे बघण्यासारखे असतात. जमलं नाही तर रागवू नका. देव आपल्याला कमी पडू देणार नाही हे कळायला अब्रामालाही वेळ लागला होता. त्याआधीच्याच अध्यायात तो मिसरात घाबरून खोटं बोलला, सारायला बहीण म्हणाला. मोठ्या गटाला हेही सांगा, म्हणजे चुकलो की देव सोडून देतो असं त्यांच्या मनात बसत नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालवण्याचा खेळ या वयात करू नका. मी केला आहे. एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तो थरथरायला लागला, रडला, पुढे दोन रविवार आलाच नाही. मी त्याला विश्वास शिकवायला गेले आणि अंधार दाखवला. त्यापेक्षा डोळे उघडे ठेवून आवाजाचा खेळ घ्या. तीन-चार मोठी माणसं एकदम वेगवेगळ्या सूचना देतात, मुलांनी ओळखीचा आवाज शोधून त्याच्यामागे जायचं. योहानाच्या १० व्या अध्यायातली मेंढरं हेच करतात. किंवा सरळ टाळ द्या हातात आणि भजन म्हणत चर्चच्या आवाराला फेरी मारा, आज आपण सगळे अब्रामाच्या वाड्यात. मराठी मंडळीत भजन-कीर्तन रुजवण्यात नारायण वामन टिळकांचा मोठा वाटा, आणि ते आमच्या नगरला कितीतरी वर्षं राहिले. चार वर्षांच्या पोरालाही तालावर चालता येतं.

तिसरा रविवार वाट बघण्याचा, आणि माझ्या मते चारांतला सगळ्यात महत्त्वाचा. आधी काळ्या कागदावर पांढऱ्या रांगोळीची चिमूट भुरभुरायची आणि म्हणायचं, मोजा तारे. मुलं वीस-पंचविसापर्यंत मोजतात आणि हरतात. देव अब्रामाला म्हणाला, तुझी संतती इतकी होईल. घरात मात्र एकही बाळ नाही. मग दोन वाट्या घ्यायच्या, एकीत २५ चिंचोके. देवाने पहिल्यांदा वचन दिलं तेव्हा अब्राम ७५ चा, मुलगा इसहाक झाला तेव्हा १०० चा. एक चिंचोका उचलायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा. “एक वर्ष गेलं. बाळ झालं?” सगळे ओरडतात, “नाही!” दुसरा. “झालं?” “नाही!” पहिल्या पाच-सहा वर्षांना हसतात. दहाव्याला कंटाळतात. तुम्ही घाई करू नका. बारा-तेराव्याच्या सुमाराला कोणीतरी हमखास विचारतं, “देव विसरला का?” तिथे थांबा. “अब्राहामालाही असंच वाटलं असेल का रे?” एवढंच म्हणा आणि पुढचा चिंचोका उचला. विसाव्यापर्यंत वर्ग शांत होतो. पंचविसावा टाकल्यावर मी काही बोलत नाही, शालीत गुंडाळलेली बाहुली काढून मांडीवर घेते. मुलं हसतात, टाळ्या पिटतात. मग सांगते, सारा (सारायचं पुढचं नाव) पण हसली होती, आणि बाळाचं नावच त्यांनी ‘हसणं’ ठेवलं. इसहाक या नावाचा अर्थ तोच.

इसहाकाच्या अर्पणाची गोष्ट, म्हणजे देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो ती, उत्पत्ती २२, या गटाला सांगू नका. पुस्तकात ती अब्राहामाच्या धड्यात घातलेली असली तरी नाही. मोठे लोक ती अब्राहामाच्या जागेवरून ऐकतात. पाच वर्षांचं मूल ती लाकडावर बांधलेल्या इसहाकाच्या जागेवरून ऐकतं, आणि रात्री वडिलांकडे बघतं. नऊ-दहा वर्षांनंतर ती नीट सांगता येते. शेजारच्या घरी बकरी ईद असते, त्यावरून एखादं मूल विचारीलच. तेव्हा टाळू नका. इतकंच सांगा की देवाने अब्राहामाला थांबवलं, मुलाला काही होऊ दिलं नाही, आणि देवाला असं कोणाचं मूल नको असतं.

‘मागे चालणं’ शिकवताना प्रत्येक नव्या शिक्षिकेला मी आणखी एक सांगते. देवाचं ऐकणं आणि कुठल्याही मोठ्या माणसाचं मुकाट ऐकणं, या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात एक होऊ देऊ नका. अब्राहाम स्वतः सदोम शहर वाचावं म्हणून देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत येतो, आणि देव रागावत नाही. मुलांना स्पष्ट सांगा, “देवाने सांगितलंय, आईला सांगू नको” असं कोणीही म्हणालं, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो की मंडळीतला कोणी, तर ते खोटं आहे, आणि लगेच आईला सांगायचं. वर्गात दोन मोठी माणसं कायम हवीत, दार उघडं हवं, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लावलेला हवा. त्याच दमात घरच्यांनाही विनंती करा की “देव कान कापेल”, “देव बघतोय हां” असल्या धमक्या बंद करा. धमकावणाऱ्या देवामागे मूल फार तर भीतीने चालेल, आणि भीती संपली की थांबेल.

आता ती मुलगी. वर्गापुढे तिला उत्तर देऊ नका, जवळ घेऊन बसा. आपण चांगल्या मनाने काही वाक्यं बोलतो, ती गिळून टाका. “देवाला आजी आवडली म्हणून नेली” म्हणालात तर तिला वाटेल, उद्या आईही आवडेल. “आजी झोपली आहे” म्हणालात तर रात्री तिला झोपायचीच भीती वाटेल. आणि प्रार्थना कमी पडली, विश्वास कमी पडला, असं कोणी सुचवलं तरी तिथेच अडवा. पाच वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर आजीच्या मरणाचा भार ठेवायचा का? गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने प्रार्थना केली होती, हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि तो दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

मी असं म्हणते: “तू प्रार्थना केलीस ती देवाने ऐकली. आजी बरी झाली नाही. का, ते मला माहीत नाही. मलाही वाईट वाटतं. आजी आता देवाजवळ आहे, हे मात्र पक्कं.” आणि मग गप्प बसते. ती रडली तर रडू द्या. चौथ्या रविवारी परातीत गोष्ट पुढे न्या, साराच्या मरणापर्यंत. उत्पत्ती २३ मध्ये लिहिलंय की अब्राहाम साराजवळ आला आणि तिच्यासाठी रडला. एवढा मोठा देश देण्याचं वचन होतं, आणि त्यातली त्याने विकत घेतलेली जागा म्हणजे हेब्रोनजवळचं मकपेलाचं शेत आणि त्यातली गुहा, ४०० शेकेल चांदी मोजून, बायकोला पुरायला. लहान मुलांना व्यवहार सांगू नका, रडणं सांगा. रिळाचा अब्राहाम खड्याजवळ आडवा ठेवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. मग तो उठतो आणि पुढे चालतो.

त्यानंतर कोणाला आपल्या माणसासाठी खडा ठेवायचा असेल तर ठेवू द्या, न मागता कोणाच्या हातात देऊ नका. एका वर्षी एक मुलगा वर्ग सुटल्यावर परत आला आणि आजोबांसाठी खडा नाही, चिंचोका ठेवून गेला. का ते मी विचारलं नाही. तेव्हा परात लगेच उचलू नका. आणि हे सगळं करण्याआधी त्या मुलीच्या घरी जाऊन या, आजीविषयी तिला काय सांगितलंय ते तिच्या आईला विचारा. घरी एक आणि वर्गात दुसरं ऐकलं, तर तिने कोणाचं पक्कं धरायचं?